फॉर्म्युला एसएई : शर्यतीतून घडलेले अभियांत्रिकी शिक्षण

अमेरिकेतील ह्यूस्टन विद्यापीठात १९७९ साली ‘मिनी इंडी’ ही विद्यार्थ्यांची शर्यत झाली. तीत पाच अश्वशक्तीच्या ठरावीक इंजिनाचे बंधन होते. १९८१ मध्ये ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात ‘फॉर्म्युला एसएई’ सुरू झाली, तेव्हा हे बंधन सैल करण्यात आले. इंजिनाची निवड व त्यातील फेरफार विद्यार्थ्यांवर सोपवून, आत जाणाऱ्या हवेचा मार्ग अरुंद करणाऱ्या ‘रिस्ट्रिक्टर’द्वारे केवळ शक्तीला मर्यादा घालण्यात आली. या बदलाने स्पर्धेचे शैक्षणिक स्वरूप निश्चित केले. केवळ शक्ती वाढवून जिंकण्याचा मार्ग बंद झाल्याने वजन, निलंबन व इंधनवापर यांचा मेळ घालणे अपरिहार्य ठरले.

गुणदानपद्धतीतही हाच विचार दिसतो. पुढे रूढ झालेल्या रचनेत एकूण १००० गुणांपैकी ३२५ गुण गाडी न चालवताच मिळतात : अभिकल्पाला १५०, खर्चाला १०० व व्यावसायिक सादरीकरणाला ७५. मात्र सर्वाधिक, म्हणजे २७५ गुण सुमारे २२ किलोमीटरच्या सहनशक्ती-चाचणीला असल्याने कागदावरील उत्तम अभिकल्पही मैदानावर सिद्ध व्हावाच लागतो.

ब्रिटनमध्ये १९९८ साली ‘फॉर्म्युला स्टुडंट’ आणि भारतात २०११ साली ‘सुप्रा एसएई इंडिया’ याच धर्तीवर सुरू झाल्या. घेतलेल्या प्रत्येक तांत्रिक निर्णयाचे कारण परीक्षकांपुढे मांडता येणे, हे या परंपरेचे खरे शैक्षणिक योगदान होय.