लुना, चेतक आणि विजेची मोटारसायकल : फायदा नेमका कुणाचा?

मंडळी, हल्ली चार लोक जमले की एक प्रश्न हटकून निघतो, "इलेक्ट्रिक बाइक घेऊ का?" लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, पेट्रोल १०४ रुपये झालंय, डोळे मिटून घे. दुसरा म्हणतो, बॅटरी गेली की गाडी भंगारात. दोघंही आपापल्या जागी बरोबर, त्यामुळे वाद तिथेच थांबतो. पण पुण्याच्या माणसाने गेल्या पन्नास-साठ वर्षांत गाडी तीन-चारदा बदलली आहे. प्रत्येक वेळी काय चाललं आणि काय आपटलं हे बघितलं, तर या प्रश्नाचं उत्तर बरंच सुटं होतं. म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

एकेकाळी हे सायकलींचं शहर होतं, हे ऐकून ऐकून तुम्ही कंटाळला असाल. सायकलवरून थेट स्कूटरवर जाणं मात्र सोपं नव्हतं. बजाजने आधी इटलीच्या पियाजिओचा परवाना घेऊन व्हेस्पा बनवली, तो करार संपल्यावर १९७२ मध्ये आकुर्डीहून चेतक आली. गाडी चांगली होती, पण कारखान्याने किती गाड्या काढायच्या ते सरकार ठरवणार. त्यामुळे नंबर लावून आठ-दहा वर्षं थांबायचं. मुलगा शाळेत असताना नंबर लावला आणि तो नोकरीला लागल्यावर गाडी आली, अशी घरं पुण्यात शोधावी लागत नाहीत. जुनी चेतक नव्यापेक्षा महाग विकली जायची. म्हणजे गाडी घ्यायची की नाही, हे तुमच्या पगाराइतकंच दिल्लीतल्या फाइलवर अवलंबून होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना आणली. पन्नास सीसीचं इंजिन, सायकलसारखे पेडल. तिला लोक हसले, पण गावोगावी घेतली ती तिलाच. शिक्षक, एलआयसीचे एजंट, नर्स, दूधवाले, पेपरवाले, सगळ्यांना परवडली. लुना चालण्याचं कारण फक्त किंमत नव्हतं. पेट्रोल संपलं तर पेडल मारत घरी जाता यायचं (आज ज्याला रेंजची चिंता म्हणतात तिच्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय!). पंक्चर काढणारा सायकलवालाच तिचं बरंचसं काम करायचा. प्लग काढला, घासला, लावला की गाडी चालू. सुटा भाग नाना पेठेत मिळायचा आणि रात्री अंगणात, व्हरांड्यात, जिन्याखाली कुठेही ती मावायची. चेतकचंही तेच. गाडी तिरकी करून किक मारायची हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, पण अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक होतं. ज्या गाडीची दुरुस्ती गल्लीत होते, ती गाडी टिकली.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि सगळा हिशेबच बदलला. फोर स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही, आणि ८० किलोमीटरचा दावा. तेव्हापासून आपल्याकडे गाडीबद्दल पहिला प्रश्न एकच, "अ‍ॅव्हरेज किती देते?" हळूहळू स्कूटर मागे पडली आणि शंभर सीसीची मोटारसायकल पुढे गेली. २००९ च्या शेवटी तर बजाजने स्कूटर बनवणंच सोडून देत असल्याचं जाहीर केलं.

विजेची दुचाकी २०१९ ला आली असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. तिची पहिली लाट २००६-०७ च्या आसपासच येऊन गेली. अडीचशे वॉटची मोटर, ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग, त्यामुळे लायसन्स नको, नोंदणी नको. कॉलेजला जाणाऱ्या मुलींसाठी आणि रिटायर्ड मंडळींसाठी बऱ्याच घरांनी घेतल्या. आत बॅटरी मात्र लेड-ॲसिडची, म्हणजे इन्व्हर्टरच्या जातीची. जड, आणि दीड-दोन वर्षांत मान टाकणारी. त्यात तेव्हा महाराष्ट्रात लोडशेडिंग. २००६ मध्ये पुण्याने बिलात जादा पैसे मोजून लोडशेडिंगमधून सुटका करून घेतली, पण बाहेरच्या तालुक्यांत गाडी चार्ज करायची कधी, हाच प्रश्न होता.

तरी विक्री वाढत होती, कारण नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राने प्रत्येक गाडीमागे चार-पाच हजारांपर्यंत अनुदान सुरू केलं. मार्च २०१२ ला ते बंद झालं. पुढच्या वर्षभरात विक्री निम्म्याच्याही खाली आली, डीलरांनी शटर ओढलं आणि ज्यांच्याकडे गाड्या होत्या त्यांना बॅटरी कुठून आणायची हे कुणी सांगेना. आजही एखाद्या जुन्या सोसायटीच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली तशी एखादी गाडी दिसते. माझ्या मते इलेक्ट्रिकबद्दल आपल्या मनात जी धाकधूक आहे, तिचं मूळ इथे आहे. लोक म्हणतात सामान्य माणूस नव्या तंत्राला घाबरतो. कसला घाबरतो? त्याचे पैसे एकदा बुडालेत, म्हणून तो जपून असतो.

दुसरी लाट लिथियम-आयन बॅटरीवर आली आणि तिची सुरुवात आपल्या अगदी दारात झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये रिव्होल्टची आरव्ही ४०० ही मोटारसायकल आली, तिने सुरुवातीला निवडलेल्या शहरांत दिल्ली होती आणि पुणे होतं. जानेवारी २०२० मध्ये चेतक विजेवर परत आली, तीही पुणे आणि बंगळुरूत. पुण्याच्याच टॉर्क कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये क्रॅटोस काढली. तिचे संस्थापक कपिल शेळके २००९ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावरच्या विजेच्या मोटारसायकलींच्या शर्यतीसाठी गाडी घेऊन गेले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर लुनासुद्धा विजेवर आली, पेडल तेवढे गेले.

तंत्र सुधारलं, यात वाद नाही. पण फाइल दिल्लीतच राहिली. फेम-२ योजनेत एप्रिल २०१९ पासून दर किलोवॉट-तासाला १०,००० रुपये अनुदान होतं, जून २०२१ मध्ये १५,००० झालं, जून २०२३ मध्ये पुन्हा १०,००० झालं आणि वर मर्यादा गाडीच्या किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणली. मे २०२३ मध्ये देशात एक लाखावर इलेक्ट्रिक दुचाकींची नोंदणी झाली होती, जूनमध्ये ती निम्म्याच्या आसपास आली. एप्रिल २०२४ पासून अनुदान ५,००० वर, त्यानंतरच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत दुसऱ्या वर्षासाठी २,५००. सुटे भाग देशात बनवण्याची अट मोडून अनुदान उचललं, असा ठपका ठेवत केंद्राने २०२३ मध्ये सात कंपन्यांकडे पैसे परत मागितले. या धंद्यातली सर्वांत जुन्या कंपन्यांपैकी एक असलेली हिरो इलेक्ट्रिक डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिच्या गाड्या मात्र रस्त्यावर आहेतच, आणि त्यांच्या मालकांनी कुठलाच नियम मोडलेला नाही.

उलट बाजूने सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. इलेक्ट्रिकवरचा ५ टक्के आधीपासून आहे तोच. म्हणजे दोघींच्या किमतीतलं अंतर पुन्हा सरकलं.

आगीचंही बोलू. मार्च २०२२ मध्ये लोहगाव भागात रस्त्याकडेला उभ्या इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक झाले. त्यामुळे सेकंडहँड घेणार असाल तर गाडी त्या तारखांच्या आधीची की नंतरची, एवढं बघाच.

आता पैशांचं. साधारण सव्वातीन किलोवॉट-तासांची बॅटरी असलेली मोटारसायकल शहरात नव्वदच्या आसपास किलोमीटर जाते, असं धरू. (जाहिरातीतला १५० चा आकडा कसा येतो, ते रिव्होल्टनेच सांगितलं होतं. इको मोडमध्ये ताशी ४५ च्या वेगाने १५०, नॉर्मलला १००, स्पोर्टला ८०. कात्रजच्या घाटात मागे माणूस बसवून कुणीही इकोवर जात नाही.) चार्जिंगमधली गळती धरून किलोमीटरला ०.०४ युनिट, आणि युनिट १२ रुपये धरला तर खर्च पन्नास पैशांच्या आत. साठचं अ‍ॅव्हरेज देणारी शंभर सीसीची गाडी १०४ च्या पेट्रोलवर किलोमीटरला पावणेदोन रुपये खाते. वाचले सव्वा रुपये. समजा, विजेची गाडी ५०,००० रुपयांनी महाग आहे, तर ते वसूल व्हायला ४०,००० किलोमीटर लागतात.

ऑफिसला जाऊन-येऊन रोज ३० किलोमीटर, महिन्याला ७५० धरले, तर साडेचार वर्षं. बॅटरीची वॉरंटी बऱ्याच गाड्यांना तीन ते पाच वर्षांची असते. म्हणजे फायदा सुरू होतो न होतो तोच वॉरंटी संपत आलेली असते. ऑइल बदलायला नको, क्लच नको, सर्व्हिसिंग कमी, हे वाचतं ते वेगळं. पण पुनर्विक्रीला भाव कमी येतो, त्यात ते बरंचसं जातं. विजेच्या दुचाकींत स्कूटर धडाधड खपल्या आणि मोटारसायकली मागे राहिल्या, त्याचं एक मोठं कारण हेच. पंचेचाळीसचं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या स्कूटरला हरवणं सोपं आहे, साठ-सत्तर देणाऱ्या शंभर सीसीला अवघड. १९८५ चा तो एक प्रश्न अजून आडवा येतो.

चालवायला मात्र ही गाडी सुखाची आहे, हे कबूल करायलाच हवं. सिग्नलवर आवाज नाही, धूर नाही, कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये दर दहा फुटांवर क्लच दाबून मनगट भरून येत नाही. ज्याचं रनिंग मध्यम आहे आणि घरी स्वतःचं पार्किंग आहे, त्याने पैशांचा फार विचार न करता या सुखासाठी घेतली तर काही चूक नाही.

पण खरा फायदा कुणाला आहे बघा. खाणं पोचवणारा, पार्सल पोचवणारा मुलगा दिवसाला शंभर किलोमीटर सहज हाणतो. महिन्याला २,६०० झाले, तर त्याचे ५०,००० रुपये सोळा महिन्यांत वसूल. पुढे दरमहा तीन हजारांवर रुपये हातात. ही गाडी खरी त्याच्यासाठी आहे. आणि तो राहतो कुठे? जनता वसाहतीत, येरवड्यात, वाड्यातल्या भाड्याच्या खोलीत, नाहीतर चार जणांत घेतलेल्या फ्लॅटवर. गाडी रस्त्यावर लागते, तिथे प्लग नाही. बॅटरी काढून वर न्यायची म्हटली तर मोटारसायकलची बॅटरी वीस किलोच्या आसपास भरते, तीन जिने चढून. घरमालक म्हणतो, बिल कोण भरणार? त्याचंही अगदीच चूक नाही, कारण महावितरणचा शंभर युनिटच्या पुढचा दर पहिल्या शंभरच्या जवळपास दुप्पट आहे, आणि शंभर किलोमीटर रोज चालणारी गाडी एकटीच महिन्याला शंभर युनिट खाते. बाहेरच्या चार्जिंग स्टेशनवर दर घरच्यापेक्षा बहुतेक ठिकाणी जास्त, शिवाय तिथे उभं राहण्यात धंद्याचा वेळ जातो.

लुना जिन्याखाली मावली आणि बाटलीभर पेट्रोलवर चालली, म्हणून ती वाड्यातल्या माणसाची झाली. विजेची गाडी आज ज्याच्याकडे स्वतःचं पार्किंग आणि स्वतःचा मीटर आहे त्याची आहे, आणि त्याला तिची पैशाच्या दृष्टीने सर्वांत कमी गरज आहे. राज्याचं २०२५ चं ईव्ही धोरण बघा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी, अटल सेतू इथे विजेच्या मोटारींना टोल माफ. या तिन्ही रस्त्यांवर दुचाकीला मुळात प्रवेशच नाही.

सोसायट्यांबद्दल शेवटचं. "एनओसी मिळणार नाही" म्हणणाऱ्या कमिटीला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वं दाखवा. घरच्या सध्याच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते, असं त्यात स्पष्ट आहे. कमिटीने वायरची जाडी, एमसीबी, अर्थिंग तपासून घ्यायचा आग्रह धरला तर तो रास्तच आहे, तेवढं करून द्या. आणि येत्या वॉर्डसभेत, नगरसेवक भेटले की, एक मागणी सगळ्यांनी मिळून करू : महापालिकेच्या दुचाकी पार्किंगमध्ये आणि वस्त्यांजवळच्या मोकळ्या जागांवर साधे १५ अँपिअरचे मीटर लावलेले प्लग. फास्ट चार्जर नको, मोठी स्टेशनं नकोत. या गाड्यांना रात्रभर साधा प्लग पुरतो.