पंगतीचा प्रश्न आणि पौलाचे प्रवास

इतिहासाच्या आजच्या भागात आपण साधारण २,००० वर्षे मागे जाणार आहोत, भूमध्य समुद्राच्या काठी. विषय आहे प्रेषित पौल, म्हणजे सेंट पॉल, आणि त्याच्या धर्मप्रसाराच्या यात्रा. हे नाव तुम्ही चर्चवर, शाळांवर वाचले असेल. हा माणूस कुठे कुठे फिरला आणि लोक त्याच्याशी एवढे का भांडले, हे ऐकलेत तर तो तुम्हाला थोडा ओळखीचा वाटेल.

पौल हा मायदेशाबाहेर जन्मलेला ज्यू. त्याचे गाव तार्सस, आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिणेला. घरात ज्यू संस्कार, बाजारात ग्रीक भाषा आणि नावावर रोमन नागरिकत्व. शौल हे त्याचे हिब्रू नाव, पौल हे रोमन. एक नाव घरचे आणि एक बाहेरचे, अशी मुले आपल्याही घरांत आहेत! शिक्षणासाठी तो जेरुसलेमला गमलीएल या नामवंत गुरूकडे होता. सुरुवातीला तो येशूच्या अनुयायांचा कडवा विरोधक होता. त्यांना पकडायला दमास्कसला जाताना वाटेत त्याला येशूचे दर्शन झाले, असे बायबल सांगते. तिथून तो त्यांच्यातलाच एक झाला.

त्याची पहिली यात्रा साधारण इसवी सन ४६ ते ४८ ची. सीरियातल्या अँटिऑक शहरातून तो आणि त्याचा सहकारी बर्णबा निघाले. हे शहर आज तुर्कस्तानात असून त्याला अंताक्या म्हणतात. येशूच्या अनुयायांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा इथेच मिळाले. सायप्रस करून दोघे आजच्या तुर्कस्तानच्या डोंगराळ भागात शिरले. लुस्त्र गावी लोकांनी आधी त्यांना देव समजून बैल बळी द्यायची तयारी केली, आणि नंतर त्याच गावात पौलावर दगड घालून त्याला मेला म्हणून वेशीबाहेर ओढून टाकले. तो उठला आणि पुढच्या गावाला गेला. तिथून तार्ससचा रस्ता जवळचा होता. तरी तो आल्या वाटेने, दगड खाल्लेल्या गावातून परतला, कारण प्रत्येक ठिकाणी जबाबदार माणसे नेमायची होती. आमच्या कन्सल्टिंगच्या धंद्यात याला हँडओव्हर म्हणतात आणि घाईत सर्वांत आधी तेच राहून जाते.

आता मुख्य भांडणाकडे येऊ. पौल नव्या शहरात आधी सिनेगॉगमध्ये जाई. तिथे ज्यूंबरोबर काही ग्रीक लोकही येऊन बसत. त्यांना एकच देव ही कल्पना पटलेली असे, पण सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम जड जात. पौल त्यांना म्हणे, तुम्ही आहात तसे या. जेरुसलेमच्या काही मंडळींना हे मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे, आधी मोशेचे नियमशास्त्र पाळा, मग आत या. त्यांना आडमुठे म्हणून मोडीत काढू नका. परक्या सत्तेखाली राहणाऱ्या समाजाची ओळख त्याच नियमांनी टिकली होती.

अँटिऑकमध्ये हा वाद ताटापर्यंत आला. पेत्र, म्हणजे येशूचा थोरला शिष्य, तिथे ग्रीक मंडळींबरोबर जेवत असे. जेरुसलेमहून काही पाहुणे आल्यावर तो वेगळा बसू लागला. बर्णबाही त्याच्या मागे गेला. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, पंक्तिभेद. पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर सुनावले, आणि हे त्याने स्वतःच गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात नोंदवून ठेवले आहे. याच काळात, साधारण ४८-४९ साली, जेरुसलेमला बैठक झाली आणि बाहेरून येणाऱ्यांवर सुंतेची सक्ती करायची नाही असे ठरले.

पुढच्या दोन यात्रा याच निर्णयावर उभ्या आहेत. दुसऱ्या यात्रेत पौल ग्रीसमध्ये पोहोचला. फिलिप्पै येथे त्याचे बोलणे मनावर घेणारी लुदिया ही जांभळ्या कापडाची व्यापारी होती. करिंथमध्ये तो दीड वर्ष राहिला, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबू बनवून पोट भरत. सम्राट क्लॉडियसने ज्यूंना रोमबाहेर काढल्यामुळे ते दोघे तिथे आले होते. करिंथला गल्लियो या रोमन अधिकाऱ्यापुढे पौलाला उभे केले गेले. या गल्लियोचा उल्लेख असलेला शिलालेख डेल्फी येथे सापडला आहे, त्यामुळे ही घटना ५१-५२ च्या सुमारास बसवता येते. तिसऱ्या यात्रेत इफिस शहरी त्याचा दोन वर्षांहून अधिक मुक्काम झाला. मागे राहिलेल्या मंडळ्यांना तो पत्रे लिहीत राहिला. ही पत्रे नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लिखाणात मोडतात.

पौलाने आपले मूळ सोडले, असे मात्र समजू नका. तीमथ्याची आई ज्यू होती, म्हणून पौलाने त्याची सुंता करवली. तीत ग्रीक होता, त्याची होऊ दिली नाही. शेवटी जेरुसलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी घेऊन तो तिकडे परतला, तेव्हा त्याच्यावर आळ आला की त्याने एका ग्रीक माणसाला मंदिराच्या आतल्या भागात नेले. परक्याने ही सीमा ओलांडली तर मरण, असे बजावणारा ग्रीक शिलालेख मंदिरात होता. तो दगड १८७१ साली सापडला आणि आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. पौलाला अटक झाली, कैसरियाला दोन वर्षे कोठडी झाली. नागरिक म्हणून त्याने सम्राटाकडे दाद मागितली. रोमच्या वाटेवर माल्टाजवळ जहाज फुटले, पण त्यावरचे सर्व २७६ जण वाचले. रोममध्ये दोन वर्षे तो पहाऱ्यात, भाड्याच्या घरात राहिला. पुढे नीरोच्या काळात त्याला मृत्युदंड झाला, अशी परंपरा आहे.

मंडळी, आपल्यापुढे सुंतेचा प्रश्न नाही, पण पंगतीचा आहे. परदेशी सून-जावई, मराठी न बोलणारी नातवंडे, वेगळे खाणारे मित्र आपल्या मंडळात येतात. त्यांना आधी आपल्यासारखे व्हायला सांगायचे, की आधी पान वाढायचे? आणि पान वाढताना आपले म्हणून काय सोडायचे नाही? पेत्र आणि पौल या दोन मोठ्या माणसांचेही यावर जमले नव्हते. आज रात्री जेवताना घरात विचारून पाहा, मुलांना जरूर बोलू द्या.

आज इथेच थांबतो. नमस्कार!