दिनविशेष, २९ एप्रिल : झुबिन मेहता यांचा जन्म

२९ एप्रिल १९३६ रोजी मुंबईत व्हायोलिनवादक मेहली मेहता यांच्या घरी झुबिन मेहता यांचा जन्म झाला. १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाड्यांनी हंगेरीतला उठाव चिरडला, निर्वासित ऑस्ट्रियात आले. व्हिएन्नात शिकणाऱ्या विशीतल्या झुबिन यांनी सात दिवसांत विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद जमवून निर्वासितांच्या छावणीत मैफल केली. नंतरच्या सगळ्या मानसन्मानांहून ही मैफल मोठी वाटते. घरदार गमावलेल्यांना अन्न-पांघरुणासोबत संगीतही लागतं, हे त्या वयात त्यांना उमगलं होतं. योगायोग असा, की १९६१ मध्ये मूळचे हंगेरीचे जॉर्ज शोल्टी यांनी लॉस एंजेलिस फिलहार्मॉनिकचं संगीत संचालकपद सोडलं. कारण शोल्टींना न विचारता मेहतांना साहाय्यक नेमलं होतं. १९६२ मध्ये संगीत संचालकपद मेहतांकडेच आलं.

देवगडजवळच्या जामसंड्यातल्या रसिकांना वाद्यवृंद संचालनाचं हे काम परकं नाही. डबलबारी भजनातला बुवा पेटीवरून नजरेनेच पखवाज आणि कोरस उचलतो. मेहता तेच शंभर वादकांसमोर छडीने करत आले. मुंबईत मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवतं. तशी एखादी कार्यशाळा देवगड-जामसंड्यातल्या शाळांतही व्हायला हवी.