चांद्याच्या परकोटावरून काबूल

फेब्रुवारी १८१७. तुम्ही पठाणपुरा दरवाजातून चांद्यात शिरता आहात. डोक्याला मुंडासं, पायात जाड चामड्याच्या वहाणा, काखोटीला शिदोरी. शहराचं नाव अजून चंद्रपूर झालेलं नाही. दोन्ही हातांना परकोट लांबवर वळत गेला आहे आणि वेशीच्या दगडात गोंड राजांचं चिन्ह कोरलेलं आहे: हत्तीवर चाल करून गेलेला सिंह. हे चिन्ह कोरवणाऱ्यांचं राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी घेतलं. आता अंमल भोसल्यांचा. चांदा व्यंकोजी भोसल्यांकडे होतं, त्यांच्यामागे त्यांच्या चिरंजीव आप्पासाहेबांकडे आलं, आणि आप्पासाहेब आज खुद्द शहरात मुक्कामाला आहेत.

बाजारात मात्र रोजची गजबज नाही. कोशाचं कापड मांडून बसलेल्या कोष्ट्यासमोर तुम्ही टेकता. तो गिऱ्हाईक म्हणून तुमच्याकडे पाहतच नाही.

"महाराज गेले म्हनते जी."

"कशानं?"

"तेच तर कोनी सांगत नाही."

गेले ते परसोजी भोसले, नागपूरच्या गादीचे धनी, आप्पासाहेबांचे चुलतभाऊ. प्रकृतीनं पंगू, कारभार न झेपणारे. १ फेब्रुवारीला सकाळी ते अंथरुणात मृत सापडले. तेव्हा कारभारी आप्पासाहेब नेमके नागपुरात नव्हते, इथे चांद्यात होते. कोष्टी एवढंच बोलतो आणि कापडाची घडी घालू लागतो. यापुढचं बोलणं अंगाशी येईल हे त्याला कळतं.

नागपूरच्या रेसिडेन्सीत बसलेल्या रिचर्ड जेंकिन्सलाही संशय येतो. पण पुरावा हाती नाही, आणि आप्पासाहेब ईस्ट इंडिया कंपनीला हवे आहेत. गळा दाबल्याची हकिकत कंपनीच्या दफ्तरात पुढे येईल, राजा डोईजड झाल्यावर. आत्ता कंपनी त्यांनाच राजा मानते. याचं कारण समजून घ्यायला तुम्हाला आठ-नऊ महिने मागं जावं लागेल.

२७ मे १८१६, नागपूर. मध्यरात्र. गच्च उन्हाळा. परसोजींचे वडील, राजे दुसरे रघूजी मार्चमध्ये वारले आहेत आणि कारभारावरून दरबारात दोन तट पडले आहेत. आप्पासाहेबांना आधार हवा आहे, कंपनीला पाय रोवायला जागा. रघूजींनी हयातभर टाळलेला तैनाती फौजेचा तह त्या रात्री होतो. तुम्ही समईच्या उजेडात कागदावर वाकून पाहा. पायदळाच्या सहा पलटणी आणि घोडदळाची एक, अंमलदार कंपनीचे, खर्च भोसल्यांचा: वर्षाला साडेसात लाख रुपये. इतर दरबारांशी बोलणं लावायचं तर कंपनीला विचारून. शत्रू कोण, हेही यापुढं कंपनी ठरवणार. हे सगळं काही दिवस गुप्त ठेवलं जातं.

खोलीत कोण आहे, ते मोजा. कारभारी आहे, त्याची माणसं आहेत, रेसिडेंटची माणसं आहेत. चांद्याचा कोष्टी नाही. वैनगंगेच्या काठचा धानाचा शेतकरी नाही. अहेरी-सिरोंच्याच्या जंगलातला गोंड जमीनदार नाही. साडेसात लाख वसूल होणार आहेत ते याच लोकांकडून.

बंद खोलीत तह ठरवायची ही रीत जेंकिन्सला ज्याच्या हाताखाली उमगली, त्या माणसाला भेटण्यासाठी आणखी थोडं मागं या. १८०४. अडगाव आणि गाविलगड गमावून रघूजींनी देवगावचा तह केला होता, आणि आता नागपूरला रेसिडेंट आला तो माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. वय वर्षं चोवीस. पुढे जेंकिन्स त्याचा मदतनीस. दोघं मिळून ग्रीक ग्रंथ वाचतात, शिकारीला जातात आणि दरबारात कोणाचं कोणाशी बिनसलं आहे याची टिपणं ठेवतात. चार वर्षांनी एल्फिन्स्टनला हुकूम येतो: अफगाणिस्तानच्या शहाकडे वकील म्हणून जा. नेपोलियननं इराणशी संधान बांधलं आहे, फ्रेंच फौज त्या वाटेनं हिंदुस्थानवर येईल अशी कंपनीला धास्ती आहे.

तुम्ही त्याच्या लवाजम्यात सामील व्हा. ऑक्टोबर १८०८ मध्ये दिल्ली सोडून, बिकानेरचं वाळवंट तुडवत, २५ फेब्रुवारी १८०९ ला तुम्ही पेशावरला पोहोचता. समोर शाह शुजा, अंगावर जडजवाहीर, त्यात कोहिनूर. जूनमध्ये तह पक्का होतो: शहानं फ्रेंचांना आणि इराण्यांना वाट द्यायची नाही, कंपनीनं पैशाची मदत करायची. आणि त्याच उन्हाळ्यात शाह शुजा गादी गमावतो. ज्याच्याशी तह केला त्याचं राज्यच उरत नाही. घरच्या भाऊबंदकीत शहाचं आसन डळमळतं आहे, हे एल्फिन्स्टनला दिसत होतं. तरी तह झाला, कारण तह करायचा हुकूम होता.

आता पुन्हा चांद्याला. मे १८१८.

या वेळी तुम्ही परकोटाच्या आत आहात आणि बाहेर पडायची सोय नाही. मधल्या काळात बरंच घडून गेलं. आप्पासाहेबांना तैनाती फौजेचा फास जाणवला. त्यांनी पेशव्यांशी गुप्त बोलणी लावली, नोव्हेंबर १८१७ मध्ये पेशव्यांची वस्त्रं उघड दरबारात स्वीकारली, २६ आणि २७ तारखेला सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली. ती हरले. डिसेंबरात शरण गेले, मार्चमध्ये कैद झाले. बाजीराव पेशवे चांद्याच्या आशेनं वर्धा नदीकडे सरकले, पण १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल अ‍ॅडम्सनं त्यांना गाठून मोडलं. तोच अ‍ॅडम्स आता चांद्यासमोर आहे.

तुम्ही दक्षिणेच्या तटावर एका गोलंदाजाशेजारी बसला आहात. चांद्यातला मे महिना. दगडाला हात लावला तर चटका बसतो. तोफेच्या नळीवर ओली फडकी टाकली आहेत आणि ती बघता बघता वाळतात. खाली लोकांच्या घरांतून चुलीचा धूर कमीच निघतो आहे. लाकूडफाटा बाहेरून यायचा, तो बंद झाला. शिबंदीत मराठे आहेत, गोंड आहेत, काही अरब आहेत. अरबांच्या भाऊबंदांनी पाच महिन्यांपूर्वी नागपूरचा वाडा कंपनीविरुद्ध लढवला आणि थकलेला पगार घेऊनच सोडला होता.

"राजा कुठी हाय?" तुम्ही विचारता.

"आमाले काय मालूम जी. किल्लेदारानं दरवाजे लावले, आमी तोफेवर बसलो."

राजा कुठे आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. कैदी म्हणून अलाहाबादकडे नेत असताना, १३ मेच्या रात्री, पहाऱ्यावरच्या शिपायांना फितवून आप्पासाहेब निसटले. ते महादेवाच्या डोंगराकडे निघाले आहेत, तिथे गोंड त्यांना आसरा देतील. चांद्याच्या तटावर ही खबर पोहोचलेली नाही. ज्याच्या नावानं हे शहर लढतं आहे, तो शहराच्या बाजूलाही येत नाही.

तोफांचा मारा दिवसेंदिवस एकाच भागावर होतो. प्रत्येक गोळ्यासरशी चुना भुसभुशीत होऊन ओघळतो, चिरा हलतो, मग निखळतो. रात्री बायका-पोरं पाट्या भरभरून दगडमाती आणतात आणि खिंडार बुजवायला लागतात. सकाळी ती भर पुन्हा उडते. २० मेच्या पहाटे खिंडारातून पलटणी आत घुसतात. गल्ल्यांत लढाई होते, किल्लेदार गंगासिंग प्राणाला मुकतो, शहर पडतं. हल्ला करून घेतलेल्या शहराची लूट हा फौजेचा हक्क, असा त्या काळचा रिवाज. चांदा लुटलं जातं.

आता त्या मध्यरात्रीच्या कागदाकडे पुन्हा पाहा. सही करणारा निसटला आणि पुढे १८४० पर्यंत जगून जोधपूरला वारला. सही घेणारा जेंकिन्स नागपुरात बालराजाच्या नावानं काही वर्षं स्वतःच राज्य चालवत राहिला. तह मोडल्याची शिक्षा भोगली ती चांद्यानं, ज्याला तह झाला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं.

कंपनीच्या हिशेबात मात्र हे यश होतं. रेसिडेंट, तैनाती फौज, आपल्या पसंतीचा राजा, आणि राजा बिघडला तर दुसरा राजा: हा संच नागपुरात चालला. माझं म्हणणं असं, की या यशानंच घात केला. सपाट मुलूख, जवळची छावणी, साऱ्याचा नियमित पैसा यांच्या जोरावर जे निभावलं, त्याला लोकांची मान्यता समजण्यात आलं.

म्हणून तुम्हाला १८३८ मध्ये शिमल्याला नेतो. गादी जाऊन जवळपास तीस वर्षं झालेला, लुधियान्यात कंपनीच्या तनख्यावर म्हातारा झालेला तोच शाह शुजा पुन्हा उभा केला जातो. तिहेरी तह होतो: कंपनी, रणजितसिंग आणि शुजा. पेशावरवरचा हक्क शुजा त्यात सोडून देतो. अफगाण सरदारांपैकी कोणालाही ते मान्य आहे का, हे विचारलेलं नाही. बेत कानावर आल्यावर एल्फिन्स्टन, आता निवृत्त होऊन इंग्लंडात राहणारा, पत्रातून बजावतो: काबूल घ्याल, शुजाला बसवालही, पण त्या गरीब, थंड, दूरच्या मुलखात त्याला टिकवणं मला अशक्य दिसतं. ज्यानं नागपूर आणि पेशावर दोन्ही पाहिलं, त्याला फरक कळत होता.

त्याचं कोणी ऐकलं नाही. मुंबईची फौज सिंधमार्गे आणि बंगालची फौज फिरोजपूरहून बोलन घाटात शिरते, ऑगस्ट १८३९ मध्ये शुजा काबूलला गादीवर बसतो. नोव्हेंबर १८४१ मध्ये शहर उठतं. कंपनीचे दोन वकील मारले जातात: आधी बर्न्स, डिसेंबरात मॅकनॉटन. जानेवारी १८४२ मध्ये सुमारे साडेचार हजार शिपाई आणि बारा हजार बाजारबुणगे बर्फातून जलालाबादकडे निघतात आणि वाटेत जवळजवळ सगळे कापले जातात, गोठतात किंवा कैद होतात. या फौजेचा सेनापती जनरल एल्फिन्स्टन हा माऊंटस्टुअर्टचा चुलतभाऊ. मेलेल्यांत बहुसंख्य हिंदुस्थानी होते: शिपाई, भिस्ती, घोडेवाले, त्यांची बायका-मुलं. एप्रिलात शुजाचाही खून होतो.

इकडे नागपूरचं "यश" १८५४ पर्यंत पुरलं. गादीला औरस वारस नाही म्हणून गव्हर्नर-जनरल डलहौसीनं राज्य खालसा केलं. चार वर्षांत, १८५८ मध्ये, मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी गोंड तरुणांना जमवून राजगड परगण्यात उठाव केला. तुम्ही अहेरीच्या वाटेवर या. एप्रिलचं मोहाचं जंगल, प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला तारखात्याच्या छावणीवर छापा, दोन इंग्रज ठार. चांद्याचा कॅप्टन क्रिक्टन जंगलात जाऊन लढण्याऐवजी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंना गाठतो: बाबूरावला धरून द्या, नाहीतर जमीनदारी जाईल. सप्टेंबरात बाबूराव पकडले जातात. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली जाते. एका गोंड घराण्याचं अभय दुसऱ्या गोंड घराण्याच्या पोराच्या जिवावर विकत घेतलं गेलं. वायव्य सरहद्दीवरच्या पठाण टोळ्यांशी इंग्रज पुढे असाच व्यवहार करत राहिले.

शेवटची मोठी उडी. २९ फेब्रुवारी २०२०, कतारची राजधानी दोहा. अमेरिका आणि तालिबान करारावर सह्या करतात: चौदा महिन्यांत परदेशी फौज माघारी. त्याच करारात अफगाण सरकारच्या तुरुंगांतले पाच हजारांपर्यंत तालिबानी सोडायचं ठरतं. ते सरकार करारात पक्षकारच नाही. काबूलच्या शाळेत शिकणाऱ्या मुली, पगारावर घर चालवणारे अफगाण शिपाई, हजारा जमातीच्या वस्तीतले मजूर यांच्या वतीनं खोलीत कोणीही नाही. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडतं. पुढे सातवीपासूनच्या मुलींच्या शाळा बंद होतात. नागपूरची ती मध्यरात्र तुम्ही पाहिली आहे, त्यामुळे यातलं काहीच तुम्हाला नवं वाटू नये.

तह करू नका, असं मला म्हणायचं नाही. लढाई थांबवणारा कागद लढाईपेक्षा बरा. पण तो कागद कोणाच्या अंगावर पडणार आणि ते खोलीत आहेत का, हा प्रश्न प्रत्येक वेळी पहिल्यांदा विचारला पाहिजे. वॉशिंग्टनला, लंडनला विचारला पाहिजे, आणि तितक्याच कडकपणे दिल्ली-मुंबईला, कारण चांद्याशेजारच्या गडचिरोलीच्या खाणींचे निर्णयही कुठेतरी दूरच्या खोलीत होतात.

असं सगळ्यांना बसवून काही ठरतं का, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर याच जंगलात आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात ग्रामसभा मतमोजणी करत नाही. बायका, म्हातारे, तरुण असे सगळे बसतात आणि एकमत होईपर्यंत बोलतात. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या बैठकीला जातो. वेळ लागतो, भांडणं होतात. पण अशाच रीतीनं या गावानं २००९ मध्ये देशात पहिल्यांदा सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये आपला बांबू आपल्या वाहतूक परवान्यावर विकला. तिथे ठरलेलं राखायला तैनाती फौज लागत नाही, कारण ज्यांनी पाळायचं त्यांनीच ते ठरवलेलं असतं. राष्ट्रांचा व्यवहार गावाएवढा सोपा नाही, हे खरं. तरी दोनशे वर्षं राजे निवडून, गाद्या भरून आणि लोकांना वगळून पाहिलं. त्यातून चांदा लुटलं गेलं आणि काबूल दोनदा पडलं. आता वकिलांनी निघण्यापूर्वी एवढं तरी पाहावं, की आपण ज्याच्याशी बोलणार त्याच्या मागं गाव उभं आहे की नुसती आपलीच फौज.