गरोदरपणातले झटके : अंधाऱ्या खोलीपासून मॅग्नेशियमपर्यंत

"डॉक्टर, मला काहीच त्रास नाही. मग दर वेळी बीपी आणि लघवी कशाला तपासायची?" आठवा महिना संपत आलेली एक ताई परवा विचारत होती. सोबतच्या सासूबाईंचंही तेच म्हणणं. प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल.

गरोदर बाईला अचानक झटके येतात आणि ती बेशुद्ध होते, हे फार पूर्वीपासून माहीत होतं. या आजाराचं 'एक्लॅम्प्सिया' हे नाव विजेच्या लखलखाटासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आलं. आपल्याकडे काही घरांत अजूनही त्याला बाहेरची बाधा म्हणतात. १८४३ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या जॉन लिव्हर यांना अशा बायकांच्या लघवीत प्रथिनं सापडली. १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रोची यांनी दंडाला बांधायचा बीपीचा पट्टा आणला आणि झटक्यांआधी बहुधा रक्तदाब चढतो हे हळूहळू लक्षात आलं. म्हणजे ही वीज बऱ्याचदा आधी सूचना देत होती. ती वाचायचं साधन आपल्याकडे नव्हतं. तुमची ती कंटाळवाणी तपासणी इथून आली आहे.

उपचारांची गोष्ट मात्र फार रेंगाळली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियातल्या स्ट्रोगानोव्ह यांनी बाईला शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवून गुंगीची औषधं द्यायची पद्धत रूढ केली. १९६१ मध्ये मद्रासच्या डॉ. कृष्णा मेनन यांनी तीन औषधांचं मिश्रण मांडलं आणि ते भारतभर वापरलं गेलं. मी विद्यार्थी असताना वॉर्डात तशी एक काळोखी खोली होती. आत पाय न वाजवता जायचं. बाहेर नातेवाईक बसलेले, आणि त्यांना काय सांगायचं हे आम्हालाही ठाऊक नसायचं.

याच काळात अमेरिकेत मॅग्नेशियम सल्फेट वापरात होतं, १९२० च्या दशकापासून. म्हणजे जुलाबासाठी देत ते एप्सम सॉल्टच, इंजेक्शनच्या रूपात. इतकं स्वस्त औषध, पण इतरत्र त्यावर विश्वास बसायला १९९५ उजाडावं लागलं. त्या वर्षी भारतासह अनेक देशांतल्या सुमारे १,७०० बायकांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले : डायझेपामच्या तुलनेत मॅग्नेशियमने पुन्हा झटके येण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. मधल्या सत्तर वर्षांचा विचार केला की मला अजूनही वाईट वाटतं. २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक बायकांवरच्या 'मॅगपाय' अभ्यासाने दाखवलं की बीपी वाढलेलं असताना आधीच औषध दिलं, तर झटके येण्याचा धोकाही निम्म्याहून कमी होतो. आपल्या सोलापूरच्या डॉक्टरांनी भारतीय बायकांचं कमी वजन लक्षात घेऊन कमी डोसची पद्धत सुचवली, तीही याच सुमारास.

तुमच्या कार्डावर 'हाय रिस्क' लिहिलं असेल, तर घाबरू नका, पण मोठ्या रुग्णालयातच बाळंतपण ठरवा. मॅग्नेशियम दिल्यावर अंगात एकदम उष्णता जाणवते, ते अपेक्षित आहे. नर्स वारंवार गुडघ्यावर हातोडी मारून पाहील, श्वास मोजेल, लघवीसाठी नळी घालेल. औषध जास्त होत नाही ना, हे त्यातून कळतं. जास्त झालंच तर उतारा म्हणून कॅल्शियमचं इंजेक्शन असतं. आजार पूर्ण जायचा, तर बाळंतपण हाच उपाय. म्हणून कधी कधी तारखेआधी कळा आणाव्या लागतात. सिझेरियनच होईल असं नाही.

आणि सासूबाई, हे तुमच्यासाठी : झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात, घरी गेल्यावरसुद्धा. सुनेचं डोकं खूप दुखतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, छातीखाली पोटात दुखतंय असं ती म्हणाली, तर पित्त म्हणून सोडा-लिंबू देत बसू नका. रात्र असली तरी तिला घेऊन या.