दाह झालेल्या जागी वेदना का वाढते?

उन्हाने पोळलेल्या त्वचेवर कोमट पाणी पडले तरी आग होते. पाण्याचे तापमान नेहमीचेच असते. बदललेली असते ती वेदना जाणणाऱ्या चेतापेशींची संवेदनशीलता. हा बदल घडवून आणण्यात पेशींतील विकरांचा, म्हणजेच एन्झाइमांचा, मोठा वाटा असतो.

वेदनाग्राही चेतापेशींच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचे प्रथिन असते. मिरचीतील कॅप्सायसिन किंवा सुमारे ४३ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक उष्णता यांमुळे त्यातील मार्ग उघडतो. सोडियम व कॅल्शियमचे आयन पेशीत शिरतात आणि वेदनेचा संदेश मज्जारज्जूमार्गे मेंदूकडे जातो. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हे प्रथिन ओळखले. ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

ऊतींना इजा झाली की तेथे ब्रॅडीकायनिन, प्रोस्टाग्लँडिन यांसारखी रसायने तयार होतात. त्यांच्यामुळे चेतापेशीच्या आत प्रोटीन कायनेज-ए आणि प्रोटीन कायनेज-सी ही विकरे सक्रिय होतात आणि टीआरपीव्ही-१ ला फॉस्फेटचे गट जोडतात. परिणामी तो मार्ग कमी तापमानालाही उघडू लागतो आणि शरीराची स्वाभाविक उष्णतासुद्धा वेदनादायक ठरू शकते. चेतापेशींतील काही सोडियम मार्गांवरही अशीच प्रक्रिया होत असल्याने संदेश अधिक सहज उमटतात.

प्रोस्टाग्लँडिनच्या निर्मितीसाठी सायक्लोऑक्सिजनेज हे विकर आवश्यक असते. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन त्यालाच अटकाव करतात. ॲस्पिरिनमुळे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती थांबते, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. ही औषधे चेतापेशी बधिर करीत नाहीत, तर तिची वाढलेली संवेदनशीलता कमी करतात.

टीआरपीव्ही-१ हा मार्गच बंद करण्याचे प्रयत्न मात्र अडचणीचे ठरले. मानवी चाचण्यांत अशा काही औषधांमुळे शरीराचे तापमान वाढले, तर काहींमुळे भाजणारी उष्णता ओळखण्याची क्षमता मंदावली.

वाढलेली संवेदनशीलता मुळात संरक्षक असते. तिच्यामुळे दुखावलेला अवयव जपला जातो. जखम भरू लागली की फॉस्फेटेज ही विकरे फॉस्फेटचे गट काढून टाकतात आणि चेतापेशी पूर्वस्थितीला येऊ शकते. इजा बरी झाल्यानंतरही ही संवेदनशीलता टिकून राहिली, तर वेदना दीर्घकालीन होऊ शकते. म्हणूनच वेदनेची जाणीव शाबूत ठेवून केवळ तिची अतिरिक्त तीव्रता कमी करणे, हे वेदनाशामक औषधांच्या संशोधनापुढील आव्हान आहे.