ई-पुस्तके आणि सार्वजनिक ग्रंथालये : पुस्तक मालकीचे की भाड्याचे?

मोबाइलवर वाचणाऱ्यांची संख्या वाढली, तशी ग्रंथालयांकडे ई-पुस्तकांची मागणीही वाढली. घरबसल्या पुस्तक मिळते, पैसे लागत नाहीत आणि मुदत संपली की ते आपोआप परत जाते. मग एका फाइलच्या हव्या तेवढ्या प्रती निघू शकत असताना वाचकाला कित्येक आठवडे रांगेत का थांबावे लागते? अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये सुमारे वीस वर्षे या प्रश्नाशी झगडत आहेत. आपल्या वाचनालयांपुढेही तो येणार आहे, म्हणून त्यांचा अनुभव आम्ही येथे मांडत आहोत.

फरक कुठे आहे?

छापील पुस्तक ग्रंथालयाने एकदा विकत घेतले की ते ग्रंथालयाचे होते. ते शंभर वाचकांना द्यावे, पाने सुटली तर बांधून घ्यावे, प्रकाशकाची परवानगी लागत नाही. ई-पुस्तकाचे तसे नाही. ग्रंथालयाला मिळतो तो फक्त वापराचा परवाना. एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक, ही नेहमीची अट. रांग लागते ती यामुळे.

दुसरी अट मुदतीची. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशन संस्थेने नियम केला की ई-पुस्तक २६ वेळा वाचकांना दिले की परवाना संपेल. इतर मोठ्या प्रकाशकांनी पुढे दोन वर्षांची मुदत घातली. सामान्य ग्राहकाला १५ डॉलरच्या आसपास मिळणारे नवे ई-पुस्तक ग्रंथालयाला अनेकदा ५५ ते ६५ डॉलरला पडते आणि दोन वर्षांनी तेच पुन्हा घ्यावे लागते. म्हणजे मागणी वाढली की खर्च वाढतो, पण ग्रंथालयाचा संग्रह वाढत नाही.

ग्रंथालयांनी दिलेला लढा

नोव्हेंबर २०१९ मध्ये मॅकमिलन या प्रकाशन संस्थेने आणखी कडक नियम लागू केला. नवे ई-पुस्तक आले की पहिले आठ आठवडे संपूर्ण ग्रंथालय व्यवस्थेला एकच प्रत. शहर लहान असो की लाखो वस्तीचे, प्रत एकच. अनेक ग्रंथालयांनी मॅकमिलनची नवी ई-पुस्तके घेणेच थांबवले आणि वाचकांना कारण उघडपणे सांगितले. मार्च २०२० मध्ये कंपनीने हा नियम मागे घेतला.

कायद्याची वाट मात्र अवघड ठरली. ग्रंथालयांना वाजवी अटींवर ई-पुस्तके द्यावीत, असा कायदा मेरीलँड राज्याने केला. तो १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला, पण स्वामित्वहक्क हा केंद्रीय कायद्याचा विषय असल्याचे सांगून न्यायालयाने त्याच वर्षी तो रद्द ठरवला. युरोपात चित्र थोडे वेगळे आहे. एक प्रत, एक वाचक या तत्त्वाने ई-पुस्तक देणे काही अटींवर ग्रंथालयाच्या देवघेवीत बसते, असा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१६ रोजी दिला.

काढलेले मार्ग

* अनेक छोटी ग्रंथालये एकत्र येऊन सामाईक संग्रह करतात आणि खर्च वाटून घेतात.
* ‘हूपला’सारख्या सेवेत प्रत्येक देवघेवीमागे पैसे भरायचे असतात. तिथे रांग नसते, पण खर्च आवरण्यासाठी वाचकाला दरमहा ठरावीकच पुस्तके मिळतात.
* काही करारांत ४० वेळा देण्याचा हक्क एकगठ्ठा मिळतो. त्यात एका वेळी १० जणांना पुस्तक देता येते.
* एप्रिल २०२२ मध्ये ब्रुकलिन सार्वजनिक ग्रंथालयाने देशभरातील १३ ते २१ वयाच्या तरुणांना ई-पुस्तकांसाठी मोफत कार्ड देण्यास सुरुवात केली. ज्या गावांत शाळा-ग्रंथालयांतून पुस्तके काढून टाकली जात होती, तिथल्या मुलांपर्यंतही ती अशी पोहोचली.

आपल्यासाठी यात काय?

महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अनुदान मिळते, पण ते तुटपुंजे असते. त्यातून दर दोन वर्षांनी तेच परवाने घेणे गावच्या वाचनालयाला झेपणार नाही. म्हणून सुरुवात स्वामित्वहक्काबाहेरच्या पुस्तकांपासून करणे शहाणपणाचे.

भारतात हा हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ चे. त्यामुळे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले मूळ लेखन १ जानेवारी २०१७ पासून खुले झाले आहे. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १ जानेवारी २०१८ पासून खुला आहे. अशा पुस्तकाची फाइल कितीही जणांना, कायमची देता येते. मात्र अनुवाद, नव्या प्रस्तावना आणि पुढे प्रथमच छापलेले अप्रकाशित लेखन यांचे हक्क वेगळे असतात, ते तपासूनच पुढे जावे.

विकतची ई-पुस्तक सेवा घेण्यापूर्वी वाचनालयाच्या कार्यकर्त्यांनी चार प्रश्न लेखी विचारावेत. परवाना किती काळाचा? एका वेळी किती वाचक? वर्गणी थांबली तर आपल्या हाती काय उरणार? आणि कोण काय वाचतो याची नोंद कोणाकडे राहणार? उत्तर मिळेपर्यंत तो पैसा छापील पुस्तकांवर खर्च केलेला बरा. ती निदान आपल्या कपाटात तरी राहतील.